उलटणे आणि सावरणे

होडी उलटली म्हणजे सारे संपले, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु उलटणे आणि बुडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलटलेली होडी आतल्या माणसासह पुन्हा सरळ करण्याची विद्या उत्तर ध्रुवाजवळच्या शिकाऱ्यांनी फार पूर्वी सिद्ध केली. आज ती जगभर शिकवली जाते. तिच्यामागील विज्ञान, ती आत्मसात करण्याची रीत, फुटत्या लाटेवर होणारा तिचा उपयोग आणि तिच्या मर्यादा यांची ओळख प्रस्तुत पाठात करून दिली आहे.

दोन होड्या

काशीच्या अस्सी घाटावर उभे राहून प्रवाह जिकडून येतो त्या दिशेला पाहिले, की पलीकडच्या तीरावर रामनगरचा किल्ला दिसतो. चुनारच्या वालुकाश्मात बांधलेला हा किल्ला काशीनरेश बलवंतसिंह यांनी १७५० मध्ये उभारला. महिनाभर चालणाऱ्या रामलीलेमुळे रामनगरचे नाव सर्वदूर पोहोचले आहे. गावाचे दैनंदिन जीवन मात्र नदीशी आणि होडीशी जोडलेले राहिले. सामने घाट व रामनगर यांना जोडणारा पक्का पूल २०१७ मध्ये खुला झाला. त्यापूर्वी येथे लोखंडी पिंपांवर तरंगणारा पूल असे. पावसाळ्यात नदी फुगण्यापूर्वी तो काढून घेत, आणि मग पैलतीराला जाण्यासाठी होडी हेच जवळचे साधन उरे.

या तीरांवरील लाकडी होडी नीट पाहावी. तिचा तळ पसरट असतो, पोट रुंद असते आणि काठ बऱ्यापैकी उंच असतात. ती माणसे वाहते आणि सामानही वाहते. म्हातारी माणसे, मुले, पोहता न येणारे यात्रेकरू असे सर्व प्रकारचे लोक तिच्यात बसतात. त्यामुळे ती उलटू नये हाच तिच्या घडणीमागील पहिला विचार असतो. नावाडी आपल्या होडीची परीक्षा ती किती डुलते यावरून करतो.

आता याच्या अगदी उलट घडणीची दुसरी होडी पाहू. ग्रीनलंड व त्याच्या आसपासच्या शीत प्रदेशात राहणारे इनुइट लोक सील माशाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पण मासा नसलेल्या सस्तन प्राण्याची शिकार करीत. त्यासाठी त्यांनी जी होडी तयार केली तिला कयाक म्हणतात. त्या प्रदेशात झाडे नाहीत. म्हणून समुद्राने वाहून आणलेल्या लाकडाचा आणि हाडांचा सांगाडा करून त्यावर सीलचे कातडे ताणून शिवीत. ही होडी सुमारे पाच मीटर लांब, पण रुंदीला जेमतेम अर्धा मीटर असे. ती एकाच माणसासाठी असे आणि शिंप्याने अंगरखा बेतावा तशी त्या माणसाच्या मापानेच बेतलेली असे. वरची बाजू बंद असे. मधे एक गोल तोंड ठेवलेले असे, त्यातून पाय आत सरकवून शिकारी बसे आणि अंगातील कातडी सदऱ्याचा घेर त्या तोंडाभोवती आवळून बांधी. म्हणजे पाणी आत शिरण्यास वाटच राहत नसे.

ही होडी इतकी अरुंद का केली? कारण शिकाऱ्याला वेग हवा होता आणि आवाज नको होता. अरुंद होडी पाणी कमी कापते, म्हणून ती थोड्या श्रमात वेगाने व निःशब्दपणे जाते. परंतु अशी होडी उलटणारच. तेथील पाणी बर्फाइतके थंड असते. होडीतून बाहेर पडून पोहत राहणारा माणूस थोड्याच वेळात गारठून निकामी होतो. तेव्हा होडी न सोडता, पाण्याखालीच तिला वळवून पुन्हा वर येणे, एवढाच मार्ग शिकाऱ्यापुढे उरला. या क्रियेला आज सर्वत्र रोल म्हणतात. मराठीत आपण तिला पलटी म्हणू.

रामनगरच्या नावाड्यापुढचा आणि ग्रीनलंडच्या शिकाऱ्यापुढचा प्रश्न एकच होता, पण उत्तरे दोन निघाली. एकाने होडी उलटू नये अशी घडवली. दुसऱ्याने होडी उलटल्यावर सावरता येईल अशी घडवली.

तोल कशावर अवलंबून असतो?

पाण्यावर तरंगणाऱ्या होडीवर दोन बले कार्य करीत असतात. होडीचे व आतील माणसांचे वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढते. पाणी होडीला वर ढकलते. या दुसऱ्या बलाला प्लावक बल म्हणतात. होडीने जेवढे पाणी बाजूला सारले असेल त्याच्या वजनाइतके ते असते, हा आर्किमिडीजचा सिद्धांत आपल्या परिचयाचा आहे. होडी सरळ असते तेव्हा ही दोन्ही बले एकाच उभ्या रेषेत येतात आणि होडी स्थिर राहते.

होडी उजवीकडे कलली, तर तिचा उजवीकडचा भाग पाण्यात अधिक बुडतो. त्यामुळे प्लावक बलाचे केंद्र उजवीकडे सरकते. तेथून वर जाणारा रेटा कललेली बाजू उचलू लागतो आणि होडी पूर्ववत होते. होडी जितकी रुंद, तितके हे केंद्र दूर सरकते आणि तितका सावरण्याचा जोर मोठा असतो. पसरट तळाची होडी भक्कम वाटते ती यामुळेच. मात्र तिच्यातील सगळी माणसे काही पाहण्यासाठी एकदम एका बाजूला गेली, तर गुरुत्वमध्यच त्या बाजूला सरकतो. अशा वेळी रुंदीचा आधार पुरा पडत नाही. होडीत प्रमाणाबाहेर माणसे भरली असतील, तर काठ आधीच पाण्याजवळ आलेला असतो. मग थोड्याशा कलण्यानेही पाणी आत शिरते. होडीत उभे राहू नका, एका बाजूला गर्दी करू नका, असे नावाडी वारंवार सांगतो, त्याचे कारण हे आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रुंद होडी सरळ असताना जशी स्थिर असते, तशीच ती पालथी झाल्यावरही स्थिर असते. एकदा पालथी झालेली मोठी होडी एकट्यादुकट्याला सरळ करता येत नाही. अरुंद कयाकचे तसे नाही. ती लवकर कलते, पण तिला परत फिरवण्यासही थोडे बळ पुरते. तिचा दुबळेपणा आणि तिचे सामर्थ्य एकाच गुणातून आले आहेत.

लाटांमध्ये हा फरक आणखी स्पष्ट होतो. रुंद होडी पाण्याच्या पृष्ठभागाला घट्ट धरून असते. म्हणून लाटेचा उतार आला की तीही त्या उतारासारखी तिरपी होते. अरुंद कयाक खालून हलत राहते, पण वल्हवणाऱ्याने कंबर सैल ठेवली तर त्याचे धड सरळच राहते. घोडेस्वार जसा घोड्याच्या चालीबरोबर कंबर हलवतो आणि खांदे स्थिर ठेवतो, तसाच हा प्रकार आहे. कयाक शिकवणारे पहिल्या दिवसापासून कंबर सैल ठेवा असे सांगतात ते याचसाठी.

पलटी शिकण्याच्या पायऱ्या

आजची सागरी कयाक कातड्याऐवजी प्लास्टिकची किंवा काचतंतूंची बनवतात. कातडी सदऱ्याची जागा रबरी झालरीने घेतली आहे. ही झालर कंबरेला असते आणि तिची कड होडीच्या तोंडाभोवती घट्ट बसवतात. पाय टेकण्यासाठी आत खुंट्या असतात, मांड्या अडकवण्यासाठी वरच्या बाजूला आधार असतो. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. पाय, मांड्या आणि कंबर होडीत घट्ट बसली पाहिजेत. होडी जणू अंगात घातली आहे असे वाटले, तरच कंबरेची हालचाल होडीपर्यंत पोहोचते.

पहिली पायरी पलटीची नसून बाहेर पडण्याची आहे. शिकणाऱ्याला उथळ व स्वच्छ पाण्यात, शिक्षक शेजारी उभा असताना, मुद्दाम उलटे व्हावे लागते. मग पुढे वाकून झालरीचा पुढचा पट्टा शोधायचा, तो ओढून झालर सोडवायची, दोन्ही हातांनी होडीचे काठ मागे ढकलायचे आणि पाय बाहेर काढायचे. या क्रियेला फार थोडा वेळ लागतो, पण पाण्याखाली उलटे असताना तो वेळ पुष्कळ वाटतो. बाहेर निघता येते हा विश्वास एकदा बसला, की पुढची प्रत्येक गोष्ट सोपी होते. हा विश्वास नसलेला माणूस पलटी शिकू शकत नाही, कारण भीतीने आखडलेली कंबर वळत नाही.

दुसरी पायरी कंबरेची. शिकणारा तलावाचा काठ किंवा मित्राचे हात धरून होडी कुशीवर झुकवतो. मग हातांवर भार न देता, एका मांडीने होडी वर खेचून कंबरेच्या हिसक्याने ती सरळ करतो. येथे बहुतेकांचा एक समज दूर होतो. होडी हातांच्या बळाने सरळ होत नाही, ती कंबरेने सरळ होते. हातात वल्हे असते ते क्षणभर टेकू मिळावा एवढ्यासाठीच.

तिसरी पायरी डोक्याची, आणि तीच सर्वांत अवघड आहे. पाण्याखाली गेलेल्या प्रत्येक प्राण्याची पहिली इच्छा डोके वर काढून श्वास घेण्याची असते. पलटी मारताना नेमके हेच टाळावे लागते. माणसाचे डोके साधारणतः पाच किलोग्रॅम वजनाचे असते. ते पाण्यात असेपर्यंत त्याचा भार पाणीच पेलते. ते पाण्याबाहेर आले, की तो भार शरीराला उचलावा लागतो. शिवाय डोके वर उचलण्यासाठी मान व धड ज्या बाजूला वाकतात, त्याच्या विरुद्ध दिशेला मांड्या होडीला ढकलतात. परिणामी सरळ होऊ लागलेली होडी पुन्हा उलटते. म्हणून प्रथम होडी, मग कंबर, मग धड आणि सर्वांत शेवटी डोके, हा क्रम पाळावा लागतो. श्वासाची निकड असताना तो शेवटी घ्यायचा, हे बुद्धीला लगेच पटते, पण शरीराला पटवण्यास पुष्कळ सराव लागतो.

चौथ्या पायरीला वल्हे येते. उलटे झाल्यावर माणूस पुढे वाकून अंग होडीजवळ घेतो. त्यामुळे चेहरा व मान सुरक्षित राहतात. वल्हे तो होडीच्या कडेला समांतर धरून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचवतो. नंतर वल्ह्याचे पुढचे पाते पृष्ठभागालगत बाहेरच्या बाजूला मोठ्या कमानीत फिरवतो. पाते किंचित तिरपे असल्याने पाणी कापताना ते खाली न जाता वर उचलले जाते. या फिरण्याच्या क्रियेतच धड पृष्ठभागाकडे येते आणि तेवढ्यात कंबरेचा हिसका होडीला सरळ करतो. सर्व क्रिया दोन-तीन सेकंदांत आटोपते. घाई केली तर ती बिघडते. बळ वाढवले तर पाते खोल जाते आणि टेकूच नाहीसा होतो.

ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांनी या मूळ पलटीचे अनेक प्रकार केले होते. शिकारीच्या दोरीत एक हात अडकला तर दुसऱ्या हाताने, वल्हे निसटले तर भाला फेकण्याच्या लाकडी पट्टीने, तेही हाती नसेल तर नुसत्या तळहाताने सरळ होण्याचा सराव ते करीत. प्रत्येक प्रकार समुद्रावरील एखाद्या संभाव्य संकटाला उद्देशून होता. आज ग्रीनलंडमध्ये कयाकच्या राष्ट्रीय स्पर्धा भरतात आणि त्यांत तीसहून अधिक प्रकारच्या पलट्या करून दाखवाव्या लागतात. शिकारीची गरज कमी झाली तरी विद्या लोप पावू नये, हा त्यामागील हेतू आहे.

पुस्तकातून शिकलेला माणूस

ही विद्या युरोपात कशी पोहोचली, याची हकिगत दूरस्थ पद्धतीने शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना विशेष आपलीशी वाटेल. ग्रीनलंडला गेलेल्या नान्सेन, रासमुसेन आदी प्रवाशांनी आपल्या लेखनात या पलटीची वर्णने केली होती. ऑस्ट्रियातील एदी हान्स पाव्लाता यांनी ती वर्णने वाचली. शिकवणारे कोणी जवळ नव्हते. त्यांनी वाचलेल्या प्रत्येक हालचालीचा अर्थ स्वतः लावला, ती पाण्यात करून पाहिली, आणि १९२७ मध्ये एका सरोवरात त्यांना पलटी साधली. ही विद्या हस्तगत करणारे ते पहिले युरोपीय मानले जातात. लांब धरलेल्या वल्ह्याने मारायची एक पलटी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

इंग्लंडचे तरुण संशोधक गिनो वॉट्किन्स यांचा मार्ग वेगळा होता. १९३०-३१ मध्ये विमानमार्गाच्या शोधार्थ निघालेल्या मोहिमेचे नेतृत्व करीत असताना ते पूर्व ग्रीनलंडमध्ये राहिले आणि तेथील शिकाऱ्यांकडून प्रत्यक्ष शिकून कयाक चालवण्यात तरबेज झाले. एकाने पुस्तकाच्या आधारे आणि दुसऱ्याने गुरूच्या सहवासात एकच गोष्ट मिळवली. दोघांनाही सराव मात्र स्वतःलाच करावा लागला.

लाटेवर स्वार होताना

रामनगरजवळ राल्हूपूर येथे मालवाहू नौकांसाठी बांधलेले टर्मिनल २०१८ मध्ये सुरू झाले. तेथून निघालेली नौका राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ वरून हल्दियापर्यंत जाऊ शकते. म्हणजे रामनगरच्या होडीखालचे पाणी पुढे सागराला मिळते. परंतु नदी व सागर यांच्या पाण्याची वागणूक एकसारखी नसते. नदीत पाणी स्वतः पुढे वाहत जाते. सागरावरील लाटेत पुढे जाते ती मुख्यतः हालचाल. पाण्याचे कण जवळजवळ तेथल्या तेथेच वर्तुळात फिरत राहतात. वाऱ्याने ज्वारीच्या शेतावरून लाट जाते, पण ताटे जागीच डोलतात, तसेच हे घडते.

किनाऱ्याजवळ हे चित्र बदलते. पाणी उथळ होऊ लागले की लाटेचा वेग कमी होतो आणि उंची वाढते. दोन मीटर खोलीच्या पाण्यात लाटेचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर असतो, एक मीटर खोलीत तो सुमारे ११ किलोमीटरवर येतो. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापटीइतकीच खोली उरली, की तिचा माथा पुढे कोसळतो आणि लाट फुटते. येथे मात्र पाणी खरोखरच पुढे धावते, आणि वाटेत येणारी होडीही त्याबरोबर ढकलली जाते.

कयाक वल्हवण्याचा नेहमीचा वेग ताशी पाच ते सात किलोमीटर असतो. मागून येणाऱ्या लाटेला पकडण्यासाठी वल्हवणारा योग्य क्षणी जोरात वल्ही मारतो. लाट होडीचा मागचा भाग उचलते, होडी उतारावर येते आणि घसरगुंडीवरून यावी तशी लाटेबरोबर धावू लागते. पुढे वल्ही मारण्याची गरज उरत नाही. मागे धरलेले वल्हे सुकाणूचे काम करते.

हे सुख फार काळ टिकत नाही. लांब होडीचे नाक उताराच्या तळाशी पाण्यात रुतते आणि शेपूट लाटेबरोबर पुढे येऊ पाहते. त्यामुळे होडी आडवी होते. आता लाट एका बाजूने अंगावर आदळत असते. मनाची स्वाभाविक ओढ लाटेपासून दूर, किनाऱ्याकडे झुकण्याची असते. तसे झुकले की होडीची किनाऱ्याकडील कड पाण्यात रुतते आणि लाट तिला तत्क्षणी पालथी करते. उपाय याच्या विरुद्ध आहे. लाटेकडेच झुकावे, वल्ह्याचे पाते फेसावर पालथे टेकवावे आणि कोपर अंगाजवळ ठेवावे, म्हणजे खांदा निखळत नाही. मग तीच लाट आधार देते आणि होडीला आडवीच किनाऱ्याकडे घेऊन जाते. डोके शेवटी वर काढण्याचा नियम आणि लाटेकडे झुकण्याचा नियम, दोन्ही एकाच जातीचे आहेत. भीती ज्या दिशेला नेते तिकडे न जाता, काय घडत आहे हे ओळखून वागावे लागते.

इतके करूनही होडी उलटलीच, तर पलटी उपयोगी पडते. फुटत्या लाटेत मात्र लगेच सरळ होण्याची धडपड करू नये. अंग पुढे मुडपून लाट डोक्यावरून जाऊ द्यावी आणि पाणी थोडे शांत झाले की वल्हे फिरवावे. उथळ पाण्यात डोके तळाला आपटू नये म्हणून शिरस्त्राण घालावेच लागते. होडी सोडावी लागल्यास होडी आणि किनारा यांच्या मधे कधीही उभे राहू नये. पाण्याने भरलेल्या कयाकचे वजन दोनशे किलोग्रॅमच्याही वर जाऊ शकते, आणि लाटेने ढकललेला एवढा भार पायांवर आला तर हाडे मोडतात.

आपल्या किनाऱ्यावर

कोकणच्या किनाऱ्यावर कयाक हा अलीकडचा पाहुणा असला, तरी तेथील कोळी व गाबीत बांधव फुटत्या लाटांतून होडी आत घालण्याचे आणि बाहेर काढण्याचे कौशल्य पिढ्यान्पिढ्या जाणतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची, हे त्यांना तिथीवरूनच कळते. उधाणाच्या दिवसांत मुंबईला भरतीचे पाणी साडेचार मीटरच्याही वर चढते. त्यामुळे सकाळी सौम्य वाटणारी लाट दुपारी तशीच राहील असे समजता येत नाही. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. मासळीच्या विणीचा हंगाम सांभाळला जावा हा तिचा हेतू आहे, आणि त्यामुळे मच्छीमारांच्या जिवाचेही रक्षण होते.

या किनाऱ्यावरून सागरी कयाकने लांबचा प्रवास करणाऱ्यांमध्ये मुंबईचे कौस्तुभ खाडे यांचे नाव घ्यावे लागेल. २०१५ मध्ये त्यांनी मुंबईपासून गोव्यापर्यंतचे सुमारे ४०० किलोमीटरचे अंतर एकट्याने कयाक वल्हवत पार केले. असा प्रवास करणाऱ्याला रोज किमान दोनदा, निघताना आणि किनाऱ्याला लागताना, लाटांची रांग ओलांडावी लागते. खुल्या समुद्रावर संथ चालणाऱ्या प्रवासाची खरी कसोटी किनाऱ्यालगतच्या या पट्ट्यात लागते.

विद्येची मर्यादा

पलटी येणाऱ्या माणसाला समुद्राचे भय उरत नाही, असे मात्र कोणी समजू नये. वर ज्यांचा उल्लेख आला ते गिनो वॉट्किन्स १९३२ मध्ये पुन्हा पूर्व ग्रीनलंडला गेले. त्या वर्षी २० ऑगस्टला ते सीलच्या शिकारीसाठी कयाक घेऊन एकटेच बाहेर पडले. सहकाऱ्यांना नंतर त्यांची कयाक तरंगताना आढळली. त्यांचा देह मिळाला नाही. त्या वेळी ते २५ वर्षांचे होते. त्यांच्या कौशल्याविषयी कोणालाच शंका नव्हती. तरीही मदतीला येईल असा दुसरा माणूस त्या क्षणी जवळ नव्हता. म्हणून आजचे शिक्षक पलटीइतकाच भर दुसऱ्याला वाचवण्याच्या पद्धतींवर देतात. उलटलेल्या मित्राजवळ आपली होडी नेणे, तिचे नाक त्याच्या हाती देणे, त्याची होडी रिकामी करून त्याला पुन्हा आत बसवणे या गोष्टी प्रत्येकाला आल्या पाहिजेत.

हा विवेक रामनगरच्या पाण्यावरही लागू पडतो. वाराणसीला गंगेची इशारा पातळी ७०.२६२ मीटर आणि धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर अशी निश्चित केलेली आहे. १९७८ च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. पावसाळ्यात नदी फुगू लागली की प्रशासन होड्यांची ये-जा थांबवते. नावाड्याचे त्या दिवसांचे उत्पन्न बुडते, तरी होडी काठाला बांधून ठेवणे हाच त्या वेळचा शहाणपणा असतो. हिवाळ्यात हीच नदी संथ दिसते, पण वाळूच्या चरांमुळे तिची खोली एका पावलावर बदलते. तेव्हा या पाठात वर्णन केलेली कोणतीही क्रिया प्रशिक्षित शिक्षकाशिवाय, जीवरक्षक जाकिटाशिवाय आणि सोबतीशिवाय नदीत, तलावात अथवा समुद्रात करून पाहू नये.

होडी कितीही चांगली असली आणि वल्हवणारा कितीही निष्णात असला, तरी पाण्यावर तोल जाण्याची शक्यता नाहीशी होत नाही. रामनगरचा नावाडी रुंद होडी, मोजकी माणसे आणि योग्य ऋतू यांच्या साहाय्याने ती शक्यता कमी करतो. कयाक चालवणारा तोल गेल्यानंतर काय करायचे याची तयारी आधीच करून ठेवतो. दोन्ही प्रकारचे शहाणपण पाण्याकडून शिकलेले आहे, आणि पाण्यावर जाणाऱ्याला दोहोंचीही गरज पडते.

स्वाध्याय

१. रुंद होडी व कयाक यांच्या घडणीतील फरक त्यांच्या उपयोगाच्या आधारे स्पष्ट करा.
२. पलटी मारताना डोके सर्वांत शेवटी वर का काढावे लागते?
३. आडव्या झालेल्या कयाकमध्ये लाटेकडे झुकणे योग्य का ठरते, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. पाव्लाता आणि वॉट्किन्स यांच्या शिकण्याच्या पद्धतींची तुलना करा. त्यांपैकी कोणती पद्धत तुम्हांला जवळची वाटते? सकारण सांगा.
५. तुमच्या परिसरातील नदी, तलाव किंवा खाडी यांवर चालणाऱ्या होड्यांचे निरीक्षण करून नावाडी कोणती दक्षता घेतात, याविषयी दहा ओळी लिहा.